हिरवं टेन्शन

मंडळी, घरात नवा फिश टँक आला की पहिले दोन-तीन आठवडे कसे झकास जातात! ऑफिसातून आल्यावर टीव्हीऐवजी टँकसमोर बैठक, पाहुण्यांशी माशांची नावानिशी ओळख, मोबाइलमध्ये पन्नास फोटो. मग काचेवर तपकिरी धूळ दिसायला लागते, त्यानंतर हिरवे ठिपके, आणि बघता बघता आतल्या प्लॅस्टिकच्या किल्ल्याला दाढी फुटते. रविवारी सकाळी माझा फोन वाजतो, ‘‘यार, शेवाळ आलंय. कुठलं औषध टाकू?’’

माझं उत्तर ठरलेलं आहे. कुठलंच नाही!

गेल्या मे महिन्यात एका मित्राने ऐकलं नाही. शेवाळ मारायची बाटली आणली आणि झटपट रिझल्ट हवा म्हणून डबल डोस ओतला. शेवाळ मेलं, पण ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपत गेला. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात तो आधीच कमी असतो. दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडत होते. अर्धं पाणी बदललं, एअर पंप लावला, तरी आठातले पाच गेले. शेवाळाने मात्र एकही मासा मारला नव्हता.

दुसरा लाडका उपाय म्हणजे टँक पूर्ण रिकामा करून खडे आणि फिल्टर नळाखाली खसाखसा घासणं. हे त्याहून डेंजर. फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे बॅक्टेरिया माशांच्या घाणीतल्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन त्यांनाच मारतं. टँक चकाचक आणि मासे आडवे! स्पंज धुवायचा तो टँकमधूनच काढलेल्या पाण्यात, आणि तोही हलक्या हाताने.

मग करायचं काय? शेवाळाला दोनच गोष्टी लागतात, उजेड आणि खत. दोन्हीचे नळ आपल्याच हातात आहेत.

उजेड : दिवसाला सहा ते आठ तास पुरे. आपण सकाळी लाइट लावून निघतो आणि रात्री दहाला घरी येतो, तिथेच घोटाळा होतो. एक साधा प्लगवाला टायमर लावून टाका. टँक खिडकीजवळ असेल तर पडदा ओढा; थेट ऊन म्हणजे शेवाळाला खुलं आमंत्रण.

खाणं : दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत फस्त होईल इतकंच. उरलेला दाणा तळाशी सडतो आणि त्याचंच खत होतं. घरात सगळेच प्रेमाने चिमूटभर टाकत असतील तर डब्याचा चार्ज एकाकडेच द्या.

पाणी : दर आठवड्याला पाव टँक बदला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये साधारण 55 लिटर पाणी बसतं, म्हणजे काम जेमतेम एका बादलीचं. नव्या पाण्यात क्लोरिन घालवायचे थेंब टाकायला विसरू नका.

झाडं : हायड्रिला, वॅलिसनेरिया यांसारखी भराभर वाढणारी झाडं शेवाळाच्या तोंडचा घास पळवतात. बागकामाचा कंटाळा असेल तर मनी प्लांटची फांदी घ्या, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. नायट्रेट शोषायला एकदम फिट.

आता थोडी ओळखपरेड. नव्या टँकमधली तपकिरी धूळ म्हणजे डायटम. ती पुसत राहा, काही आठवड्यांत बहुधा आपोआप जाते. पाणीच हिरवं झालं असेल तर तीन-चार दिवस लाइट बंद ठेवा आणि टँक चादरीने झाका. पानांवरची काळी दाढी खरं तर लाल शेवाळाच्या कुळातली आणि भलती चिवट. बाधलेली पानं कापलेलीच बरी. वास मारणारा निळसर-हिरवा चिकट थर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. तो नळीने ओढून काढा आणि तळाशी साचलेला गाळही साफ करा.

‘काच साफ करणारा मासा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सकर फिशपासून मात्र सावध! बोटाएवढं ते पिल्लू पुढे फूटभर किंवा त्याहून मोठं होतं, आणि शेवाळ खातं त्याहून जास्त घाण करतं. मग लोक गुपचूप त्याला तळ्यात सोडतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा पाहुणा आपल्याकडच्या तळ्यांत आणि नद्यांत असाच मुक्कामाला आलाय आणि तिथल्या माशांना त्रास देतोय. त्यापेक्षा नेराइट गोगलगायी ठेवा. किंवा जपानी फोटोग्राफर ताकाशी अमानो (1954-2015) यांनी शेवाळ आवरण्यासाठी लोकप्रिय केलेली छोटी अमानो कोळंबी आणा. फक्त तुमचे मासे तिचा नाश्ता करणारे नसावेत!

यातल्या कशानेही सोमवारपर्यंत काच लख्ख होणार नाही. तीन-चार आठवडे लागतील. समोरची काच दर रविवारी जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. ॲक्रिलिकच्या टँकवर मात्र कार्ड नको, ओरखडे पडतील, मऊ स्पंज बरा. मागच्या काचेवर थोडी हिरवळ राहिली तर राहू द्या. माशांना ती चरायला आवडते आणि पाहुण्यांना ती ‘नॅचरल लुक’ वाटते. औषधाच्या बाटलीचे पैसे टायमरमध्ये घाला, राव!