चोर समजून

‘शिकलकरी टोळी जेरबंद’ हा मथळा मराठी वाचकाला नवा नाही. घरफोडीचा छडा लागतो, चौघे धरले जातात, त्यात दोघे शिकलकरी निघाले की टोळीचे बारसे होते. आता दुसरी बातमी पाहा. मे 2023, परभणी जिल्ह्यातले उखळद गाव. जमावाने तीन शीख मुलांना पकडून बेदम मारले. दोघे जखमी झाले, एकाचा जीव गेला. त्याचे वय 14 वर्षे. ही मुलेही शिकलकरी समाजातलीच. पण असल्या बातमीसाठी आपल्याकडे दोन शब्द ठरून गेले आहेत: ‘चोर समजून’. माणूस आरोपी असला की त्याचा समाज मथळ्यात येतो. तोच माणूस मारला गेला की मथळ्यात त्याच्यावरचा संशय येतो. हा अन्याय आहे आणि तो आपण, म्हणजे लिहिणारे आणि वाचणारे, रोज करत आहोत.

शिकल करणे म्हणजे हत्याराला घासून, धार लावून लखलखीत करणे. गुरू गोविंदसिंगांच्या फौजेसाठी शस्त्रे घडवणारे आम्ही, असे हा समाज परंपरेने सांगत आला आहे. ज्या नांदेडात 1708 साली गुरूंनी देह ठेवला, त्याच्या शेजारच्याच जिल्ह्यात उखळद आहे. तलवारी गेल्या, मग कढया, बादल्या, विळे, कुलपे आणि किल्ल्या यांवर या लोकांची पोटे चालू लागली.

इंदुरात आमच्या कॉलनीच्या नाक्यावर असे एक सरदारजी बसतात. पुढ्यात कोऱ्या किल्ल्यांचा जुडगा, तीन-चार कानशी, एक छोटा हातोडा. गेल्या वर्षी आमच्या कपाटाची किल्ली हरवली तेव्हा ते घरी आले. कोरी किल्ली कुलपात घालून त्यांनी जरा जोर देऊन फिरवली, बाहेर काढून उजेडात धरली, तिच्यावर उमटलेले बारीक ओरखडे पाहिले आणि तेवढेच कानशीने घासले. पुन्हा घातली, पुन्हा घासली. पाचव्या-सहाव्या खेपेला कुलूप उघडले. पैसे घेण्याआधी त्यांनी खिशातून एक वही काढली आणि माझे नाव, घर नंबर, फोन, तारीख लिहून खाली माझी सही घेतली. हे कशासाठी, असे विचारले तर म्हणाले, “मोहल्ले में कुछ भी हो, पहले हमको ही बुलाते हैं.” आपण गुन्हा केलेला नाही याचा पुरावा हा माणूस गुन्हा घडायच्या आधीपासून गोळा करत असतो. इतकी वर्षे या शहरात राहून मी अशी वही कधी बाळगलेली नाही. मला कुणी मागितलीही नाही.

इंदूर विभागातल्या बडवानी जिल्ह्यात पलसूद आहे. ऑगस्ट 2020 मध्ये तिथे एका ग्रंथींना, म्हणजे शिखांच्या धर्मग्रंथाचे पठण करणाऱ्यांना, पोलिसांनी भर रस्त्यात मारले, केस धरून ओढले. त्यांचेही पोट कुलूप-किल्ल्यांच्या छोट्या दुकानावरच. कुणीतरी ते मोबाइलवर टिपले, ते दृश्य देशभर गेले आणि दोन पोलीस निलंबित झाले. शिखाचे केस म्हणजे काय, हे त्या पोलिसांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. चित्रफीत नसती तर पलसूदचे नावही कानावर आले नसते.

निमाडात, म्हणजे याच बडवानीच्या परिसरात, शिकलकऱ्यांच्या काही वस्त्यांमध्ये गावठी पिस्तुले बनतात, हे खरे आहे. बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टीचे नाव महाराष्ट्राच्या पोलीस ठाण्यांनाही चांगले माहीत आहे. जो बनवतो त्याला जरूर पकडा, खटला चालवा. पण त्या भट्टीचा हिशेब परभणीच्या पोराकडून किंवा नाक्यावरच्या किल्लीवाल्याकडून मागायचा अधिकार कुणालाही नाही.

अमेरिकेतल्या शिखांचा अनुभव इथे उपयोगी पडावा. 11 सप्टेंबर 2001 च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर चारच दिवसांनी ॲरिझोनातल्या मेसा इथे बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्या पेट्रोलपंपावर गोळी घालून मारण्यात आले. पगडी आणि दाढी एवढेच कारण. त्याच सुमारास शिखांच्या हक्कांसाठी ‘सिख कोएलिशन’ ही संघटना उभी राहिली. 5 ऑगस्ट 2012 रोजी विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीक गुरुद्वाऱ्यात घुसून एका गोऱ्या वंशवाद्याने सहा जणांना ठार केले. त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने, त्यात आई गमावलेला 18 वर्षांचा मुलगा सिनेटच्या समितीपुढे उभा राहिला. शिखांवरचे द्वेषगुन्हे तोवर तिथे वेगळे मोजलेच जात नव्हते. माझी आई निदान आकड्यात तरी दिसू द्या, असे त्याचे मागणे होते. 2015 पासून एफबीआयने शीखविरोधी गुन्ह्यांची वेगळी नोंद सुरू केली. नोंदीने गोळी अडत नाही, हे त्या मुलालाही कळत होते. पण जे कुठे लिहिलेलेच नाही, त्यावर ना कायदा होतो ना बंदोबस्त.

आपल्याकडे कायदा झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2018 मध्ये जमावबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जबाबदार पोलीस अधिकारी नेमायला सांगितले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 103 मध्ये, पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, भाषा, श्रद्धा अशा कारणावरून केलेल्या खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे. खोच ‘कारणावरून’ या शब्दात आहे. फिर्यादीत ‘चोरीच्या संशयावरून’ एवढेच लिहिले गेले तर समुदाय हे कारण पुढे येणार कुठून? संशय याच्यावरच का आला, हा प्रश्न पहिल्या कागदावरच विचारला जायला हवा.

इथे इंदूरच्या शीख समाजाकडून माझी मोठी अपेक्षा आहे. ज्या शहरात लताबाई मंगेशकर सिख मोहल्ल्यात जन्मल्या, तिथे हा समाज काल-परवा आलेला नाही. 1984 च्या शीखविरोधी दंगलींची झळ त्याने सोसली आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये, इथल्या नानकजयंतीच्या सोहळ्यात काँग्रेस नेते कमलनाथ यांचा सत्कार झाला तेव्हा कीर्तनकार मनप्रीत सिंग कानपुरी यांनी भर मंचावरून संताप व्यक्त केला आणि पुन्हा इंदुरात पाऊल ठेवणार नाही असे सांगितले. कमलनाथांनी 1984 चे आरोप नेहमीच नाकारले आहेत, नानावटी आयोगाने त्यांना संशयाचा फायदाही दिला. तरीही त्या कीर्तनकाराचा आवाज देशाने ऐकला. तसा आवाज भट्टीपुढे बसणाऱ्या शिकलकऱ्याला नाही. त्याच्यापाशी वकील नाही, सभा-समितीत जागा नाही. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात तो पंगतीला बसतो. पोलीस ठाण्यात जाताना मात्र त्याच्या शेजारी कुणी नसते. शहरातल्या सुखवस्तू शिखांनी तिथे त्याच्यासोबत जावे. आणि ते काम एकट्या शिखांचे नव्हे, इथल्या मराठी मंडळींचेही आहे.

वृत्तपत्रांकडे मागणे छोटे आहे. टोळीला समाजाचे नाव देणे आजपासून थांबवा. जमावाने कुणाला मारले तर ‘चोर समजून’ न लिहिता मारणारे किती होते, कोण होते, अटक किती झाली, ते लिहा. आणि वाचकहो, असा मथळा दिसला तर संपादकांना पत्र पाठवा. दोन ओळी पुरतील.