शब्दांचं माहेर : शाम्पू

मैत्रिणींनो, आमच्या जामनेरच्या शाळेत मी मुलींना विचारलं, “शाम्पू हा शब्द कुठला गं?” सगळ्या एका सुरात म्हणाल्या, “इंग्रजी!” उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. इंग्लंड हे या शब्दाचं सासर. माहेर आपल्याच देशात आहे बरं का!

हिंदीत ‘चाँपना’ म्हणजे दाबणं, अंग रगडणं. त्याचं आज्ञार्थी रूप ‘चाँपो’, म्हणजे ‘चेपा!’ डोक्याची चंपी यातलीच. ‘प्यासा’ (१९५७) चित्रपटात जॉनी वॉकर हीच चंपी करत फिरतो. आपलं ‘पाय चेपणं’ आठवा, ‘चापून-चोपून’ नेसलेलं पातळ आठवा. अर्थ आणि उच्चार किती जवळचे!

अठराव्या शतकात इथे आलेले गोरे साहेब नोकरांकडून अंग चेपून घेऊ लागले आणि हा हुकूमच त्यांनी क्रियापद म्हणून उचलला. इंग्रजी लिखाणात तो १७६२ पासून सापडतो. पण तेव्हा ‘शाम्पू करणे’ म्हणजे अंग रगडणे. केस नाहीत की फेस नाही!

सासरी या शब्दाला मान मिळवून दिला तो पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी. त्यांचा जन्म १७५९ चा. ते १७८४ मध्ये आयर्लंडला गेले. १७९४ मध्ये त्यांनी लिहिलेलं प्रवासवर्णन हे हिंदी माणसाचं इंग्रजीत छापलेलं पहिलं पुस्तक. १८१० मध्ये त्यांनी लंडनला हिंदुस्थानी जेवणाचं कॉफी हाऊस काढलं, ते काही चाललं नाही. मग ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी औषधी वाफारा आणि मालिश सुरू केली, आणि ती अशी गाजली की ते चौथे जॉर्ज व चौथे विल्यम या राजांचे ‘शाम्पूइंग सर्जन’ झाले. १८२२ मध्ये त्यांनी या विद्येवर पुस्तकही लिहिलं.

१८६० च्या सुमाराला अर्थ सरकत सरकत डोकं चोळून धुण्यावर आला. १९०३ मध्ये बर्लिनच्या हान्स श्वार्झकोफ यांनी केस धुण्याची पूड विकायला काढली. हळूहळू क्रिया मागे पडली आणि वस्तू पुढे आली. चेपणारे हात गेले, बाटली राहिली!

आपल्या मराठीत मात्र हातांच्या प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे. पाय चेपायचे, पाठ चोळायची, अंग रगडायचं, बाळाची टाळू भरायची. आणि ही सगळी क्रियापदं घरात चालवतं कोण? आपणच ना! सासूबाईंचे गुडघे, यजमानांचं ठणकणारं डोकं, मुलांच्या केसांना तेल. ‘चेप गं जरा’ हे ऐकण्यात आपलं आयुष्य जातं. पण सकाळपासून ओट्याशी उभ्या असलेल्या बाईच्या पोटऱ्या कोण चेपतं? ती स्वतःच, रात्री, सगळे निजल्यावर.

तेव्हा या रविवारी न्हाण्याआधी एवढं करा. वाटीभर खोबरेल कोमट करा. कढत नको. पाटावर बसा आणि लेकीला किंवा लेकाला (हो, लेकालाही!) मागे बसवा. नखं लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनी मुळाशी गोल गोल चोळायचं, कानामागे आणि मानेवर जरा जास्त वेळ. पाऊण तासाने शिकेकाई लावा नाहीतर शाम्पू, पण शाम्पू थोड्या पाण्यात कालवून घ्या. फेस फार झाला म्हणजे केस जास्त स्वच्छ होतात असं नाही.

आणि सांगताना ओशाळू नका. “तुला वेळ असेल तर...” असली प्रस्तावना नको. शब्द मुळात आज्ञार्थी आहे, तसाच वापरा : “चेप रे जरा!”