गाळाला कोण विचारतो?

नदी तपासणे म्हणजे बाटलीभर पाणी नेणे, असा आपल्याकडे ठाम समज आहे. प्राणवायू किती, जंतू किती, याचा कागद आला की मंडळी निश्चिंत! आमचा राग आहे तो या निश्चिंतपणावर.

डीडीटीचेच पाहा. १९५३ साली हिवतापाविरुद्ध देशभर मोहीम निघाली आणि घरोघरच्या भिंतींवर त्याचे पांढरे पट्टे उमटले. त्याने असंख्य जीव वाचवले, हे नाकारण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. पण तेच औषध शेतातही गेले. तेथून ते हटवायला १९८९ साल उजाडले. त्याचा भाऊबंद बीएचसी १९९७ पर्यंत टिकला. बंदी आली, आता कसली भीती, असे म्हणणाऱ्यांनी या पदार्थांचा स्वभाव ओळखावा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलातुपात मात्र मुरतात. पावसाबरोबर वाहत येतात, मातीच्या कणाला चिकटून तळाशी बसतात आणि वर्षानुवर्षे तेथेच राहतात. गाळातल्या किड्यातून ते मासळीत, मासळीतून माणसाच्या चरबीत आणि पुढे आईच्या दुधातही उतरतात. मग वरचे पाणी काय साक्ष देणार?

आमच्या फुलचूरच्या आसपास, किंबहुना साऱ्या गोंदिया-भंडाऱ्यात, धान आणि तळी हेच जगणे. कोहळी मंडळींनी बांधलेल्या जुन्या तळ्यांत वरच्या शेतांचे पाणी उतरते. त्यांतल्याच मासळीवर धीवरांची चूल पेटते. २०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. कल्पना उत्तम, गाळ सुपीक असतो हे आमचे आजोबाही जाणत. परंतु ट्रॉली भरताना तो गाळ किती ब्रास, एवढेच मोजून कसे चालेल? त्यात काय आहे, हे कोणी विचारावयाचे?

खर्च फार, असे उत्तर येईल. गाळ वाळवायचा, चाळायचा, द्रावकाने त्याचा अर्क काढायचा आणि तो गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रात सोडायचा, हे काम स्वस्त नाही, कबूल. पण अब्जातला एखादा भाग हुडकणारा शोधक जेम्स लव्हलॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५७ सालीच बनवला. विद्या नाही, ही सबब तरी उरलेली नाही. कदाचित आमच्या तळ्यांत काहीच सापडणार नाही. फारच छान! पण 'काही नाही' हेदेखील मोजल्यावाचून कोणाला सांगता येते? दरसाल पावसाळ्यापूर्वी, पांगोली आणि वैनगंगेच्या तळाचा व प्रत्येक मोठ्या तळ्याचा ओंजळभर गाळ प्रयोगशाळेत जावा आणि त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लिहिला जावा, एवढेच आमचे मागणे आहे. ट्रॉल्या त्यानंतर भराव्यात.