दिवाळे निघाले, तरी बेलीफ दारात

दिवाळखोरीचा कायदा हा सुसंस्कृत समाजाच्या विवेकाचा पुरावा मानला जातो. ज्याच्या गाठीला काहीच उरलेले नाही, त्याला जन्मभर कर्जाच्या बेडीत ठेवल्याने धनकोचे भले होत नाही आणि समाजाचेही होत नाही. म्हणून त्याच्याजवळ असेल ते सर्व धनकोंमध्ये वाटून द्यावे आणि त्याला पुन्हा उभे राहू द्यावे, हे या कायद्यामागील तत्त्व आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९८६ चा नादारी कायदा याच तत्त्वावर उभा आहे. २००४ पासून तेथील दिवाळखोर सामान्यतः एका वर्षात ऋणमुक्त होतो. बँक, दुकानदार, सावकारी कंपन्या या सर्वांना तेथे हात आवरावा लागतो. परंतु याच तत्त्वाची खरी कसोटी लागते ती धनको खासगी सावकार नसून नगराचे कौन्सिल असते तेव्हा. थकलेला कौन्सिल टॅक्स आणि त्यासाठी दारात उभा राहणारा बेलीफ यांचा इतिहास पाहिला, तर कायद्याने दिलेली क्षमा यंत्रणा किती सहजपणे निष्फळ करते हे ध्यानात येते.

हा कर कोठून आला हे प्रथम पाहिले पाहिजे. थॅचरबाईंच्या सरकारने १९८९ मध्ये स्कॉटलंडवर आणि १९९० मध्ये इंग्लंड व वेल्सवर पोल टॅक्स लादला. उमराव आणि त्याच्या वाड्यातील झाडूवाला यांना एकाच रकमेचे बिल देणारा हा कर जनतेने झुगारला. १९९० च्या मार्चअखेर लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात उसळलेला प्रक्षोभ जगाने पाहिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात थॅचरबाईंना पायउतार व्हावे लागले. त्या कराच्या जागी १ एप्रिल १९९३ पासून कौन्सिल टॅक्स आला. अन्याय मात्र पूर्णपणे गेला नाही, त्याने केवळ वेष बदलला. इंग्लंडमध्ये हा कर घराच्या १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर आठ श्रेणींत आकारला जातो आणि तेथे त्यानंतर फेरमूल्यांकन झालेलेच नाही. सर्वांत खालच्या श्रेणीतील घर ४० हजार पौंडांपर्यंतचे, तर सर्वांत वरच्या श्रेणीतील ३ लाख २० हजारांहून अधिक किमतीचे. म्हणजे किमतीतील अंतर निदान आठपट, परंतु करातील अंतर फक्त तिप्पट! त्यातही २०१३ च्या एप्रिलमध्ये गरिबांना या करासाठी मिळणारे राष्ट्रीय साहाय्य बंद करण्यात आले आणि निधीत १० टक्के कपात करून ती जबाबदारी कौन्सिलांच्या गळ्यात बांधण्यात आली. वृद्धांना संरक्षण राहिले. कामाच्या वयातील गरिबांकडून मात्र इंग्लंडमधील अनेक कौन्सिलांनी, पूर्वी जेथे काहीच घेतले जात नव्हते तेथे, काही ना काही वसूल करण्यास आरंभ केला. थकबाकीदार असा निर्माण केला जातो.

आता वसुलीची रीत पाहावी. हप्ता चुकला की स्मरणपत्र येते. त्यानंतरच्या १४ दिवसांत पैसे भरले नाहीत, तर १९९२ च्या नियमांप्रमाणे हप्त्यांची सवलतच संपते आणि संपूर्ण वर्षाचा कर एकदम देय होतो. ज्याला एक हप्ता देणे जमले नाही, त्याच्याकडे सगळे हप्ते एकत्र मागणे ही कोणती व्यवहारबुद्धी? पुढे मॅजिस्ट्रेटच्या न्यायालयातून देयतेचा आदेश मिळतो. एकाच बैठकीत असे शेकडो आदेश दिले जातात आणि त्यांचा खर्चही थकबाकीदारावर चढतो. या आदेशाच्या बळावर पगारातून कपात करता येते, सरकारी साहाय्यातून कपात करता येते आणि खासगी कंपनीचा बेलीफ घरी पाठविता येतो. २००७ च्या कायद्याने त्याला ‘अंमलबजावणी प्रतिनिधी’ असे सभ्य नाव दिले, तरी लोक त्याला बेलीफ म्हणूनच ओळखतात. २०१४ साली अमलात आलेल्या नियमांनी प्रकरण त्याच्या हाती जाताच ७५ पौंड आणि तो दारात येताच आणखी २३५ पौंड शुल्क ठरविले. थकबाकी २०० पौंडांची असली तरी शुल्क ३१० पौंडांचे! यांतील काहीच साधले नाही तर तीन महिन्यांपर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूदही १९९२ च्या नियमांत होती. हेतुपुरस्सर नकार किंवा दोषास्पद हयगय सिद्ध व्हावी अशी अट तिला होती, हे खरे. वेल्सने २०१९ मध्ये ही तरतूद रद्द केली. इंग्लंडमध्ये ती त्यानंतरही कायम राहिली.

या चरकातून सुटण्यासाठी जो दिवाळखोरीचा आश्रय घेतो, त्याला कायदा निःसंशय संरक्षण देतो. आदेशाच्या तारखेपूर्वीची कौन्सिल टॅक्सची थकबाकी दिवाळ्यातील ऋणांत धरली जाते. दंड, मुलांच्या पोटगीची रक्कम किंवा विद्यार्थी-कर्ज यांप्रमाणे ती अपवादात मोडत नाही. १९८६ च्या कायद्याचे कलम २८५ सांगते की, अशा ऋणासाठी धनकोला दिवाळखोराच्या देहाविरुद्ध अथवा मालमत्तेविरुद्ध उपाय योजता येत नाही. १९८९ साली ब्रेनट्री जिल्हा कौन्सिलच्या दाव्यात थकलेल्या स्थानिक करापायी दिवाळखोराला तुरुंगात धाडण्याची कारवाई चालली होती. तेव्हा दिवाळखोरीच्या न्यायालयाला अशी कारवाई थांबविता येते, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला.

मग तक्रार कशाची? तक्रार आहे ती कागदावरील संरक्षण आणि उंबरठ्यावरील वास्तव यांमधील दरीची. थकबाकीची फाइल कौन्सिलने कंपनीकडे दिलेली असते, दिवाळ्याचा आदेश दुसऱ्या कार्यालयात निघतो आणि या दोन कागदांची गाठ घालून देण्याचे ओझे अखेर पडते ते खचलेल्या माणसावरच. गाठ पडेपर्यंत बेलीफची पत्रे येत राहतात आणि घाबरलेला मनुष्य, ज्या ऋणातून कायद्याने त्याला सोडविले आहे, त्याचेच हप्ते पुन्हा बांधून देतो. दुसरी मेख कुटुंबातच आहे. एकत्र राहणाऱ्या दांपत्यावर या कराची जबाबदारी संयुक्त आणि स्वतंत्र अशी दुहेरी असते. पतीचे दिवाळे निघाले की तो सुटतो आणि तीच संपूर्ण रक्कम पत्नीच्या नावाने उभी राहते. म्हणजे ज्या घरातून बेलीफ परत जावयाचा, त्याच घरात तो दुसरे नाव पुकारीत शिरतो! तिसरी गोष्ट काळाची. एप्रिल उजाडला की नवा कर लागू होतो, त्याला जुन्या दिवाळ्याचे कवच नाही. उत्पन्न तेच, कर वाढलेला, मग नवी थकबाकी अटळच. आणि या सर्वांवर कडी म्हणजे दिवाळे काढण्यासाठीही पैसे लागतात. २०१६ पासून त्यासाठी ६८० पौंडांचे शुल्क ठेवण्यात आले. ६८० पौंड हाताशी असते, तर अनेकांवर ही वेळच आली नसती.

हे शस्त्र उलट दिशेनेही चालते. थकबाकी मोठी असेल तर कौन्सिल स्वतःच नागरिकाला दिवाळखोर ठरवून घेऊ शकते. २०१५ पर्यंत त्यासाठी अवघ्या ७५० पौंडांचे ऋण पुरत असे. त्या वर्षी ही मर्यादा ५ हजारांवर नेण्यात आली. विश्वस्ताचा आणि वकिलांचा खर्च चढत जाऊन लहानशा थकबाकीपायी राहते घर धोक्यात येते, याकडे स्थानिक शासनाच्या ओम्बुड्समनने २०११ च्या अहवालात लक्ष वेधले होते. उद्ध्वस्त माणसाला आसरा देण्यासाठी जो कायदा झाला, तोच त्याला बेघर करण्यास वापरला जावा, याहून मोठी विटंबना कोणती?

याच इंग्लंडमध्ये दिवाळे कौन्सिलांचेही निघते. १९८८ च्या कायद्याच्या कलम ११४ अन्वये क्रॉयडनने २०२० मध्ये, तर वोकिंग, बर्मिंगहॅम व नॉटिंगहॅम यांनी २०२३ मध्ये तशी नोटीस काढली. वोकिंगने घरबांधणी व मालमत्तेच्या धाडसी व्यवहारांपायी अब्जावधींचे कर्ज केले होते. तेथे कोणाचा रेफ्रिजरेटर मोजण्यास बेलीफ गेला नाही. उलट क्रॉयडनला २०२३ मध्ये सुमारे १५ टक्के, तर बर्मिंगहॅमला २०२४ मध्ये सुमारे १० टक्के करवाढीची मुभा मिळाली. संस्थेचे दिवाळे नागरिकाने भरून काढावयाचे आणि नागरिकाचे दिवाळे मात्र त्याचा वैयक्तिक दोष ठरावयाचे, असा हा न्याय आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला ही विसंगती अपरिचित नाही. १८७५ च्या दख्खनमधील दंग्यांनंतर इंग्रज सरकारने १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा केला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करण्यास त्याने बंदी घातली आणि त्याला नादारीचा मार्गही दिला. परंतु त्याच वर्षीच्या मुंबई जमीन महसूल कायद्यात सारा थकविणाऱ्याला अटक करण्याची तरतूद होती. सावकाराचे हात बांधले गेले, सरकारचे मोकळे राहिले. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने तर ऋणमुक्तीनंतरही सरकारी देणे माफ होत नाही असे स्पष्टच लिहून ठेवले. राज्यसंस्था दुसऱ्यांना दया शिकविते, पण स्वतःचे देणे आले की ती दया विसरते, हा धडा दोन्ही देशांत एकच आहे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, कौन्सिलने कर सोडून दिला तर वृद्धांची सेवा, अपंगांची देखभाल, वाचनालये चालावयाची कशी? आक्षेप रास्त आहे, आणि समाजवाद्यांनी तर तो झटकून टाकताच कामा नये. सार्वजनिक सेवेसाठी कर हवाच, आणि ऐपत असून तो बुडविणाऱ्याची गय करण्याचे कारण नाही. परंतु ज्याचे काही उरलेले नाही असे कायद्यानेच मान्य केले, त्याच्या दारात बेलीफ पाठविल्याने वाचनालय चालत नाही, चालते ती वसुली-कंपनी. १९२१ साली लंडनच्या पॉप्लर विभागाचे ३० नगरसेवक तुरुंगात गेले ते कर बुडविण्यासाठी नव्हे, तर गरीब वस्तीने श्रीमंत वस्तीइतकाच बोजा का उचलावा, हा प्रश्न विचारण्यासाठी. जॉर्ज लॅन्सबरींचा तो प्रश्न आजही उभा आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात २० लाख पौंडांहून महाग घरांवर २०२८ पासून अधिभार घोषित झाला, पण १९९१ च्या किमतींचा पाया त्याने हलविला नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. दिवाळ्याचा आदेश निघताच बेलीफ मागे घेण्याचे कायदेशीर बंधन कौन्सिलवर असावे, ते ओझे ऋणकोवर नसावे. एकाच्या दिवाळ्याने सुटलेली रक्कम जोडीदाराच्या माथी मारली जाऊ नये. कर-साहाय्याचा पूर्ण निधी परत मिळावा आणि कराची आकारणी ऐपतीशी जोडली जावी. तोपर्यंत कार्यकर्त्यांनी लोकांपर्यंत निदान पुढील गोष्टी तरी पोहोचवाव्यात. दिवाळ्याच्या आदेशाची प्रत व तारीख कौन्सिलला व कंपनीला लेखी कळवावी, ऑफिशियल रिसीव्हरलाही बेलीफची माहिती द्यावी. या करासाठी बेलीफला प्रथम दार फोडून आत येता येत नाही, पण बाहेर उभी मोटार तो जप्त करू शकतो. भीतीपोटी त्याला घरात घेऊन वस्तूंच्या यादीवर सही करू नये, कारण त्यानंतर त्याचे अधिकार वाढतात. १९९२ च्या स्थानिक वित्त कायद्याच्या कलम १३अ अन्वये कराची रक्कम कमी करण्याचा, प्रसंगी संपूर्ण माफ करण्याचा अधिकार कौन्सिलला आहे. नवा कर भरणे अशक्य असेल, तर त्यासाठी लेखी अर्ज करावा आणि निर्णय लेखीच मागावा.

स्कॉटलंडमध्ये पोल टॅक्सच्या काळात शेजारी शेजाऱ्याच्या दारात उभे राहत आणि जप्ती परतवून लावीत. त्याच चळवळीतून आलेल्या टॉमी शेरिडन यांच्या विधेयकाने २००१ साली घरातील चीजवस्तूंची जप्ती व लिलाव करण्याची जुनी पद्धत कायद्यातून हद्दपार केली. पुढच्याच वर्षी तिचा काही अंश नव्या कायद्याने परत आला, हेही विसरता येणार नाही. कायदा बदलल्यावर पहारा सोडून भागत नाही, हाच त्याचा अर्थ. दिवाळखोराला मिळालेली क्षमा त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली की नाही, हे पाहावयाचे काम न्यायालय करणार नाही; ते संघटनेलाच करावे लागेल.