खव्याला नाव मिळालं, वहीत काय आलं?



आज सोयाबीन, तूर, अळी, फवारणी यातलं काही नाही. आज विकण्याबद्दल लिहायचंय. पिकवायचं कसं ते आपण एकमेकांना रोज सांगतो, विकायचं कसं हा विषय निघाला की मात्र सगळे मोबाईल बघायला लागतात.

गेल्या दिवाळीची गोष्ट. सण चार दिवसांवर होता. सकाळी पाठवलेल्या मालातला अठरा किलो खवा संध्याकाळी त्याच टेम्पोनं परत आला. निरोप असा की, "वास येतोय." आता तो खवा कोणत्या दिवसाच्या कढईतला, माझ्याच म्हशींच्या दुधाचा की शेजारच्या कॅनचा, माझ्याकडून किती वाजता निघाला आणि वाटेत उन्हात किती उभा राहिला, यातलं एकही मला सिद्ध करता येईना. डब्यावर ना तारीख, ना नाव. भांडायला तोंड होतं, कागद नव्हता. घरच्यांनी रात्रभर जागून त्याचे पेढे वळले, थोडे पाहुण्यात गेले, थोडे कमी पैशात गेले.

आठच दिवसांनी पुण्यात भाच्याकडे गेलो, तर त्याच्या टेबलावर पेढ्याचा बॉक्स. त्यावर मोठ्या अक्षरात "कुंथलगिरी", खाली देवळाचं चित्र. बनवणाऱ्याच्या गावाचं नाव शोधलं, सापडलं नाही. किलोचा भाव माझ्या खव्याच्या दुपटीच्या वर. चव? खरं सांगायचं तर बरी होती. पण ती आपल्या भागातली नव्हती, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आधी राग आला. परतीच्या गाडीत विचार करत बसलो तर चूक अर्धी आपलीच निघाली.

भूम, वाशी, परंड्याचा हा पट्टा बालाघाटच्या कुशीतला. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, म्हणून दावणीला म्हैस. पूर्वी रस्ते नव्हते, दूध शहरात पोचेपर्यंत नासायचं. मग ते आटवून खवा करायचा, खवा एक-दोन दिवस तरी तग धरतो. ही अडचणीतून निघालेली वाट. तिला नाव मिळवून दिलं ते यात्रेकरूंनी. कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र, 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी इथंच सल्लेखना घेतली. दर्शनाला येणारा माणूस जाताना पेढा बांधून न्यायचा. सोलापूर-धुळे रस्त्यावरून जाणारा सरमकुंडी फाट्यावर गाडी थांबवायचा. घरी गेल्यावर सांगायचा, "तिकडचा पेढा खाऊन बघा." ना पाटी, ना जाहिरात. गिऱ्हाईकच बोलत गेलं, नाव पसरत गेलं.

2024 साली "कुंथलगिरी खवा" या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याला आपण जीआय टॅग म्हणतो. तुळजापूरच्या कवडीलाही मिळालं. आपल्याकडं फटाके वाजले, सत्कार झाले, स्टेटस ठेवले. मीही ठेवला होता. आणि मग आपण वाट बघत बसलो की आता भाव वाढेल.

भाव वाढत नसतो मंडळी. मानांकन म्हणजे सातबारा समजा. सातबारा नावावर आहे म्हणून रान आपोआप पिकत नाही. शिवाय या सातबाऱ्यावर आपलं नाव अजून चढलेलंच नाही, हे कितीजणांना ठाऊक आहे? मानांकनाची नोंद होते अर्ज करणाऱ्या संस्थेच्या नावानं. ते चिन्ह डब्यावर छापायचं असेल तर प्रत्येक उत्पादकानं "अधिकृत वापरकर्ता" म्हणून चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो. फॉर्म जीआय-3. त्याची फी पूर्वी 500 रुपये होती, 2020 च्या नियमबदलात ती 10 रुपये झाली. दहा रुपये! फाट्यावर चहा तेवढ्यात येत नाही. कागद जमवायला चकरा पडतात हे खरं, पण पैशाचं कारण उरलं नाही.

आणि अजून एक. मानांकन खव्याला आहे. पेढ्यावर "जीआय पेढा" असं ठोकून देऊ नका. "मानांकित कुंथलगिरी खव्यापासून बनवलेला" असं लिहायचं असेल तर तो खवा त्याच भागातला आणि नोंदणी झालेल्या माणसाचा पाहिजे. पुण्यातल्या त्या बॉक्सवाल्याला आपण नावं ठेवायची आणि आपणच बाहेरची पावडर कढईत घालायची, असं चालणार नाही. घालतात काही जण. नाव घेत नाही, पण आपण सगळे ओळखतो.

कोल्हापुरी चपलेचं आठवतंय ना? 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी तिला मानांकन मिळालं. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं तशीच चप्पल दाखवली, देशभर आरडाओरडा झाला आणि शेवटी कंपनीला मान्य करावं लागलं की ही प्रेरणा भारतातली आहे. नाव नोंदलेलं असल्यानं भांडायला बळ आलं, हे खरं. पण आपलं मानांकन आपल्या देशापुरतं, सातासमुद्रापार तो कायदा चालत नाही. आणि त्या गदारोळात चप्पल शिवणाऱ्याच्या हातात जोडीमागं किती जास्त पडले, हे विचारणारे फार थोडे होते.

म्हणून माझं मत असं, की लोगो, बॉक्स, फेसबुकची जाहिरात, ऑनलाइन दुकान हे सगळं नंतर. आधी वही.

हिशोब करून बघू. आकडे धरून चाललोय, तुम्ही तुमच्या गावचे घाला. म्हशीच्या पाच लिटर दुधाला साधारण एक किलो खवा पडतो, फॅट चांगली असेल तर थोडा जास्त. दूध 50 रुपये लिटर धरलं तर 250 झाले. सरपण, हलवणाऱ्याची मजुरी, भांडी घासणं मिळून 40 धरा. किलोला 290. व्यापारी देतो 280, सणाला 330. म्हणजे वर्षातले बरेच महिने आपण दहा रुपये घालून खवा विकतो आणि म्हणतो, धंदा चाललाय. दूध घरचं असतं म्हणून तोटा दिसत नाही. घरच्या दुधाला शून्य भाव लावायची सवय ज्याची सुटली नाही, त्यानं मार्केटिंगच्या भानगडीत पडू नये.

आता त्यातला थोडा माल थेट गिऱ्हाइकाला 400 नं दिला. डबा 15, पाठवणूक 25 वजा केली तर हातात 360. व्यापाऱ्याच्या 280 पेक्षा 80 जास्त. आठवड्याला दहा किलो असा गेला तर 800, महिन्याला 3200. बंगला बांधून होणार नाही. पण एका म्हशीच्या पेंडीचा बराच भार यातून उचलला जातो, आणि हा पैसा त्याच दुधाचा आहे, नवी म्हैस न घेता आलेला.

लक्षात घ्या, मी व्यापारी सोडा म्हणत नाही. आमच्या शेजारच्या काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आरं बाबा, त्याची उचल घेतलीया मी. म्हैस त्याच्याच पैशाची हाय. त्याला सोडून कुठं जाऊ?" बरोबर आहे काकांचं. उचल फिटेपर्यंत दावं त्याच्या हातात. आणि पोळ्याला, पावसाच्या झडीत, लग्नसराई संपल्यावर, कुणी विचारत नाही तेव्हा माल उचलतो तोच. चार आणे माल नावानं विका, बारा आणे त्याला घाला. त्या चार आण्यांमुळं एक होतं: दर ठरवताना तुमच्या तोंडून "नको" हा शब्द निघू शकतो. मी गेल्या सहा महिन्यांत तो दोनदा काढला. दुसऱ्या वेळी दर वाढला, पहिल्या वेळी टेम्पो निघून गेला आणि मी खवा घेऊन बसलो. हेही सांगितलं पाहिजे.

थेट विकायला काय लागतं? माझ्या अनुभवानं, पहिली पन्नास घरं. पाच हजार फॉलोअर नकोत. आपल्या प्रत्येक गावचे लोक पुण्याला, सोलापूरला, मुंबईला आहेत. त्यांना गावच्या खव्याची चव माहीत आहे आणि दिवाळीत भेसळीच्या बातम्या वाचून ते घाबरलेले असतात. त्यांची व्हॉट्सअपवर यादी केली. गुरुवारी विचारतो, "शनिवारी कढई आहे, कोणाला किती?" ऑर्डर आधी, कढई नंतर. जेवढं सांगितलं तेवढंच आटवायचं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं डबा जातो, सकाळी माणूस स्टॉपवर येऊन घेतो, पैसे मोबाईलवर. उन्हाळ्यात मी खवा पाठवत नाही, सरळ नाही म्हणतो. पेढा पाठवतो, तो जास्त टिकतो. दोघं जण नाराज झाले, पण वास आलेला डबा एका घरी गेला असता तर वीस घरं गेली असती.

डब्यावर आता नाव, गाव, फोन, वजन, किंमत, केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खायचं ते लिहितो. सुट्या मिठाईच्या ट्रेसमोरही "कधीपर्यंत खावी" ही तारीख लावायचा नियम ऑक्टोबर 2020 पासून आहे, पण आपल्याकडच्या किती दुकानांत ती पाटी दिसते ते तुम्हीच बघा. अन्न सुरक्षेची नोंदणी छोट्या धंद्याला वर्षाला 100 रुपयांत होते, तिचा चौदा आकडी नंबर डब्यावर येतो. नियम म्हणून हे करायला मला कंटाळा होता. पण तारीख लिहायला लागल्यापासून "वास येतोय" म्हणणाऱ्याला मी विचारू शकतो, कोणत्या तारखेचा? त्या अठरा किलोवर तारीख असती तर निदान बोलणं झालं असतं.

अजून एक छोटी गोष्ट, मला स्वतःला फार आवडलेली. आयोडीनची बाटली. मेडिकलमध्ये मिळते. कोणी घरी खवा घ्यायला आलं की त्यांच्यासमोर चिमूटभर खवा पाण्यात उकळायचा, गार करायचा, दोन थेंब टाकायचे. पिठाची किंवा स्टार्चची भेसळ असेल तर निळं होतं. पाहुणे डोळे फाडून बघतात, मुलं तर पुन्हा पुन्हा करायला लावतात. स्टार्चपुरतीच ही परीक्षा आहे, वनस्पती तूप किंवा पावडर यात कळत नाही, हेही मी त्यांना सांगतो. खव्याच्या सुक्या भागात किमान 30 टक्के दुधाची स्निग्धता पाहिजे असं मानक आहे, ते बघायला प्रयोगशाळाच लागते. वर्षातून एकदा नमुना तपासून तो कागद यादीतल्या सगळ्यांना पाठवायचा माझा विचार आहे. या पेजवर कृषी आणि दुग्धशास्त्रातली मंडळी आहेत. नमुना कसा घ्यायचा, किती गारव्यात न्यायचा, यावर खाली लिहा. आम्हाला खरंच गरज आहे.

जाता जाता शेळीचं. उस्मानाबादी शेळी म्हटलं की परराज्यातला माणूसही मान डोलावतो. दुष्काळात टिकते, जुळी देते. नाव केवढं! आणि आपण बाजारात ती विकतो कशी? गिऱ्हाईक पाठीवर हात फिरवतं, कंबर चेपतं, अंदाजानं आकडा बोलतं. घरी वजनकाटा असलेले किती? ज्यानं वजन करून, पिल्लांची जन्मतारीख आणि लसीची नोंद दाखवून विकली, त्याला पैदाशीसाठी घेणारा माणूस घरी शोधत येतो. हा विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी लिहीन.

तूर्त खव्याचं. एकेकट्यानं फॉर्म भरण्यापेक्षा आमच्या गावातले भट्टीवाले आणि दूध घालणारे मिळून बसायचं ठरलंय. येत्या रविवारी सकाळी नऊला, मारुतीच्या पारावर. जीआय-3 फॉर्मच्या प्रती मी काढून आणतो. तुम्ही आधार कार्ड, फोटो आणि अन्न सुरक्षा नोंदणी झाली असेल तर ती आणा. मागच्या महिन्यात किती लिटर दूध आटवलं आणि किती किलो खवा निघाला, हा आकडाही आणा. लिहून ठेवला नसेल तर घरच्या बाईमाणसाला विचारा, त्यांना तो तोंडपाठ असतो. खरं तर त्यांनाच घेऊन या. कढईपुढं त्याच उभ्या असतात, मग अर्ज त्यांच्या नावानं का नको, हेही तिथंच बोलू.