एका उडीला चार फासे!

परवा बहिणीकडे फराळाला गेलो, तो काय! दिवाणखान्यात पोरे वीस पैलूंच्या फाशाभोवती कोंडाळे करून बसलेली. खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या जोडीने तो १९७४ साली अमेरिकेत आणला. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यावे, आपण काय करतो ते तोंडाने सांगावे. एकाने सूत्रधार व्हावे. शंका येईल तिथे फासा!

धाकटी भाची म्हणाली, “मी सज्जावरून धावत जाते, झुंबराला लटकून झोका घेते आणि सरदारापुढे उतरते!” सिनेमातला प्रसंगच तो, सगळ्यांचे डोळे लकाकले. पण सूत्रधार झालेले आमचे भाचेबुवा म्हणाले, “धावण्याचा फासा टाक. आता उडीचा. आता पकडीचा...” तिथेच पोर आपटली. पुढच्या खेपेला ती मुकाट्याने जिन्याने उतरली!

याला मी न्याय म्हणत नाही. वीसपैकी पंधरा पैलूंवर यश आहे असे धरा. एकच फासा टाकला, तर शंभरात ७५ वेळा उडी साधेल. धाव, उडी, पकड आणि उतरणे यांचे चार फासे ओळीने जिंकायचे, तर शंभरात जेमतेम ३२ वेळा! उडी तीच, मोजणाऱ्याची हाव तेवढी वाढली.

“पण मामा, नियम नकोत का?” हवेत ना! पण नियमांचे पुस्तक तरी काय सांगते? २००० सालच्या आवृत्तीत चढणे, उडी, पोहणे, कोलांट्या अशी वेगवेगळी कौशल्ये होती. २०१४ च्या आवृत्तीत त्यांची दोनच उरली, एक बळाचे आणि एक चपळाईचे. दहा फूट धावून आलेला गडी अंगच्या बळाचा जेवढा अंक, तेवढे फूट लांब उडतो. त्याला साध्या उडीसाठी फासाच लागत नाही. ‘एक्झाल्टेड’ या २००१ सालच्या खेळात तर धाडसाचे वर्णन रंगवून केले की वरचे फासे बक्षीस मिळतात!

धोका काढून टाका, असे मी म्हणत नाही. पडण्याची भीती नसेल, तर झोक्यात गंमत कसली? पण एका बेताला एकच फासा पुरे. तो उलटा पडला, तर झुंबर तुटून सरदाराच्या डोक्यावर आदळू द्या, पोरीला शिपायांच्या गराड्यात सापडू द्या. गोष्ट पुढे सरकली पाहिजे.

धाडसाला दंड आणि जिन्याला बक्षीस, असा कारभार चालला की पोरे जिनाच धरणार. मग सूत्रधारांनी ‘खेळ रंगत नाही’ म्हणून कुरकुर करू नये!