त्या वाक्यापुढे एक ‘म्हणे’ लावून बघा

‘ताई, माझी व्होकॅबच कच्ची आहे,’ असं म्हणत ती आली, तेव्हा हातात मोबाइल होता आणि चेहरा पार उतरलेला. भनपुरीत आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. बी.कॉम. झालंय, यंदा कॅट आणि सीयूईटी पीजी दोन्ही देणार आहे. त्या दिवशीच्या सराव परीक्षेत उताऱ्यांवरच्या १६ प्रश्नांपैकी ६ बरोबर, ७ चूक आणि ३ सोडलेले. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलं की १ वजा. म्हणजे ४८ पैकी ११.

घरात बोलून झालंय. यंदा कुठे एमबीएला लागली तर शिकायचं, नाहीतर टॅलीचा कोर्स करून ओळखीतल्या लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायला जायचं. वखारीतलं काम वाईट नाही, तिचंही तसं म्हणणं नाही. पण आयआयएम रायपूर इथेच, नव्या रायपुरात आहे. बिलासपूरला गुरु घासीदास विश्वविद्यालय आहे, ते केंद्रीय विद्यापीठ असल्याने तिथल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी सीयूईटी पीजी लागते. दोन्ही दारं घराजवळ आहेत आणि ती उघडायला इंग्रजी उतारा आडवा येतोय, हे तिला सलत होतं.

तुमच्या घरातही अशी कुणी असेल, तर हा लेख तिला वाचायला द्या. आणि तुम्ही स्वतःही वाचा, कारण यात आईलाही एक काम आहे.

मी तिला म्हटलं, शब्दांची यादी ठेव बाजूला, ते ७ चुकलेले प्रश्न काढ. एकेक घेऊन बसलो. पाऊण तास गेला. सातपैकी फक्त एका ठिकाणी शब्दाचा अर्थ माहीत नसल्यामुळे घोळ झाला होता. बाकी सहा ठिकाणी तिला सगळे शब्द येत होते आणि तरी उत्तर चुकलं होतं. मला याचं फार नवल वाटलं नाही. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, तरी पहिल्यांदा असे उतारे सोडवले तेव्हा अशीच आपटले होते. शब्द येतात म्हणून आपण भरभर वाचतो आणि लेखकाने न म्हटलेलं मनानेच भरून टाकतो.

इंग्रजी उतारा इथे देण्यात अर्थ नाही, म्हणून त्याच घाटणीचा एक छोटा उतारा मी मराठीत रचलाय. वाचा:

‘रस्त्यावर सायकलींसाठी वेगळी मार्गिका केली की लोक सायकल चालवू लागतील, असं अनेक नगररचनाकारांना वाटतं. काही शहरांत तसं झालंही. मात्र ज्या शहरांत चांगली मार्गिका असूनही सायकली वाढल्या नाहीत, तिथे कामाची ठिकाणं घरांपासून इतकी लांब होती की सायकल हा पर्यायच उरला नव्हता.’

प्रश्न: लेखकाला कोणतं विधान मान्य होईल? अ) वेगळी मार्गिका केली की सायकलींचा वापर वाढतो. ब) सायकल मार्गिका निरुपयोगी असतात. क) कामगारांना सायकल परवडते म्हणून ते ती वापरतात. ड) नुसती मार्गिका केल्याने सायकली वाढतीलच असं नाही.

तिने पटकन ‘क’ निवडला. का? तर बाबा रोज सकाळी सायकलने रोलिंग मिलला जातात, पेट्रोल परवडत नाही म्हणून. भनपुरीच्या रस्त्यावर सकाळी पाच मिनिटं उभं राहिलं तरी हे कुणालाही दिसेल. गोष्ट शंभर टक्के खरी आहे. फक्त उताऱ्यात नाही. परीक्षेत जगाबद्दल विचारत नाहीत, लेखक काय म्हणाला तेवढंच विचारतात. ‘ब’मध्ये लेखकाचं म्हणणं फार ताणलंय, कारण काही शहरांत मार्गिकेचा उपयोग झाला हे तो स्वतःच सांगतो. उत्तर ‘ड’. पण सगळ्यात जास्त मुलं जिथे फसतात तो ‘अ’. ते वाक्य उताऱ्यात जवळजवळ जसंच्या तसं आहे, अगदी पहिलंच. पण ते लेखकाचं मत नाही, नगररचनाकारांचं आहे.

आणि इथेच आपल्याला मराठीची मदत होते. काकू फाटकातून सांगतात, ‘उद्या नळाला पाणी येणार नाही म्हणे.’ पाणी बंद करायचं काकूंनी ठरवलं, असं कुणाला वाटतं का? त्या एका ‘म्हणे’ने काकू मोकळ्या होतात. मी ऐकलं ते सांगितलं, खरं-खोटं तुम्ही बघा. इंग्रजीत एवढा सुटसुटीत शब्द वाक्याच्या शेवटी लागत नाही. तिथे लेखक तेच काम लांबलचक शब्दांनी करतो: ‘इट इज ऑफन आर्ग्यूड दॅट’, ‘मेनी स्कॉलर्स बिलीव्ह’, ‘द कन्व्हेन्शनल व्ह्यू इज’. हे दिसलं की मनात त्या वाक्यापुढे ‘म्हणे’ लावायचं. मार्गिका केली की लोक सायकल चालवतील म्हणे. लगेच कान टवकारतात की आता पुढे काहीतरी ‘पण’ येणार. बहुतेक वेळा येतोच: ‘हाउएव्हर’, ‘येट’, कधी साधा ‘बट’. लेखकाचं स्वतःचं म्हणणं सहसा तिथून पुढे सुरू होतं. ‘ऑलदो’ जरा लबाड आहे, तो वाक्याच्या तोंडाशी येऊन बसतो. त्याला ‘जरी’ म्हणायचं आणि ‘तरी’ कुठे आहे ते शोधायचं. वजन ‘तरी’च्या बाजूला असतं.

दुसरं अक्षर ‘च’. ‘येईल’ आणि ‘येईलच’ यातला फरक मराठी घरातल्या लहान मुलालाही कळतो, विशेषतः बाबांनी आइस्क्रीम आणायचं कबूल केलेलं असलं की! इंग्रजीत हा ‘च’ ‘ओन्ली’, ‘मस्ट’, ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’ या शब्दांत लपलेला असतो. ‘मे’, ‘कुड’, ‘सीम्स’ म्हणजे आपलं ‘असेलही’. उताऱ्यात ‘असेलही’ आणि पर्यायात ‘च’ आला, तर तो पर्याय कापा. मात्र ‘च’ दिसला की डोळे मिटून काट मारू नका. लेखकानेच ठामपणे ‘च’ म्हटलं असेल, तर बरोबर उत्तरातही तो असणार.

आता आईचं काम. काकूंना इंग्रजी येत नाही, आणि तेच आमच्या कामाला आलं. रोज एक उतारा वाचून झाला की मोबाइल उलटा ठेवायचा आणि काकूंना तो मराठीत सांगायचा. दोन मिनिटांत. कुणाचं काय मत आहे, लेखकाला त्यातलं काय पटलेलं नाही आणि शेवटी तो कुठे पोहोचला. सांगून झाल्यावरच प्रश्न सोडवायचे. पहिल्या दिवशी तिने मधमाश्यांवरचा एक उतारा सांगितला. काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, ‘अगं, पण मग तो माणूस मधमाश्या पाळायच्या बाजूचा की विरुद्ध?’ तिला सांगता येईना. चारपैकी दोन प्रश्न नेमके त्यावरच होते.

एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत सांगताना अर्धवट समजलेलं लपत नाही. रायपुरात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ सुरू करणारे, हिंदी पत्रकारितेतलं एवढं मोठं नाव, पण मुळात मराठी घरातले. समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत आणलं. हे काम करणाऱ्या माणसाने मूळ वाक्यातला एकेक ‘पण’ आणि ‘तरी’ किती वेळा तपासला असेल, याचा मी कधी कधी विचार करते. आपल्याला तर फक्त पाचशे शब्दांचा उतारा आईला सांगायचाय!

अर्थात परीक्षेत आई शेजारी नसते आणि घड्याळ धावत असतं. कॅटमध्ये या विभागाला ४० मिनिटं आणि २४ प्रश्न असतात. अलीकडच्या पेपरांत त्यातले १६ प्रश्न चार उताऱ्यांवरचे आहेत. एका उताऱ्याला ७ मिनिटं धरली तर २८ होतात, उरलेल्या आठ प्रश्नांना १२ मिनिटं राहतात. सातातली तीन मिनिटं शांतपणे वाचण्यात घालवायला घाबरू नका. वाचनात वाचवलेलं मिनिट नंतर प्रश्नागणिक वर-खाली शोधण्यात दामदुप्पट जातं. सीयूईटी पीजीत ९० मिनिटांत ७५ प्रश्न, बरोबरला ४ गुण, चुकीला १ वजा. एमबीएच्या पेपरात भाषेच्या आकलनासोबत गणित आणि तर्कही असतो, त्यामुळे तिथे वेळ आणखी तुटपुंजा.

अंदाजपंचेचा हिशेबही करून ठेवा. कॅटमध्ये चार प्रश्नांवर डोळे झाकून टिचकी मारली तर सरासरी एक बरोबर, तीन चूक, म्हणजे हाती शून्य. पण चारपैकी दोन पर्याय कारण देऊन कापता आले, तर उरलेल्या दोनांतला एक निवडणं फायद्याचं. कारण वहीत लिहिता येईल एवढं पक्कं हवं: ‘उताऱ्यात नाही’, ‘फार ताणलंय’, ‘दुसऱ्याचं मत’. तिच्या वहीत आता चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे यातलं एक लिहिलेलं असतं. शब्दांची यादी शेवटच्या पानावर गेलीय. ती फेकलेली नाही. अर्थ अडला तर तो शब्द त्याच्या वाक्यासकट तिथे उतरवायचा.

एक गोष्ट आम्हाला उशिरा सुचली. परीक्षा संगणकावर असते आणि सराव मोबाइलवर चालला होता. मोठ्या पडद्यावर उतारा एका बाजूला आणि प्रश्न दुसऱ्या बाजूला असतो, तिथे नजर वेगळी फिरते. म्हणून आठवड्यातून एक पूर्ण परीक्षा लॅपटॉपवर, मागून आणलेला असला तरी चालेल. वाचायला घरात जागा नसेल, तर रायपूरकरांसाठी नालंदा परिसर २४ तास उघडा असतो. आणि घरीच बसणार असाल, तर घरातल्या मंडळींनी ४० मिनिटं टीव्ही बंद ठेवावा. कुकरच्या शिट्ट्या चालतील, परीक्षा केंद्रातही शेजारचा माणूस कीबोर्ड बडवतच असतो.

गेल्या रविवारच्या परीक्षेत तिचे ९ बरोबर, ३ चूक, ४ सोडलेले. म्हणजे २४. अजून बरंच चढायचंय, तिलाही ते माहीत आहे. लेखकाचा सूर कोणता, तो चिडलाय की टोमणा मारतोय, हे विचारलं की ती अजूनही अडते. काकूंनी त्यावर स्वतःचाच उपाय काढलाय. मुलगी उतारा सांगायला लागली की त्या मध्येच थांबवतात, ‘थांब, हे तो ज्या आवाजात म्हणाला असेल, त्या आवाजात सांग.’ परवा तिने एका अर्थतज्ज्ञाचा टोमणा अगदी आपल्या आत्याच्या आवाजात सांगितला आणि घरात सगळे खो खो हसले. तो प्रश्न बरोबर आला.